कुणाच्या ओळखीने आलात?

वेबसाइटवर माणसं एकवीस होती आणि पॅलेट एक. तेही पुरतं दिसत नव्हतं, कारण त्यावर भिमाजी बसले होते.

पॅलेट म्हणजे कंपनीत माल रचायची लाकडी चौकट, जिच्याखाली फोर्कलिफ्टचे दात घुसतात. चाकणच्या पट्ट्यात ती भाकरीसारखी लागते. पुनमच्या शेडमध्ये सात सुतार रोज तेवढंच काम करत. शेड सासऱ्यांचं, धर्माजींचं, धंदा पुनमचा. तिचा नवरा नवनाथ एका कंपनीत शिफ्टला होता, आणि घरात वाद निघाला की त्याची नेमकी सेकंड शिफ्ट असे. तीन वर्षांत हा योग एकदाही चुकला नव्हता.

धर्माजींनी अक्षय्य तृतीयेला सुनेला मुदत दिली होती. "दसऱ्यापातुर बाहेरच्या कंपनीची एक तरी ऑर्डर आन. आजवर जे काम आलं ते भिमाजीच्या वळखीनं आलं. तुझ्या हिमतीवर आलं तर शेड तुझं. न्हाईतर भिमाजी म्हनतोय तसं गोडाऊनला भाड्यानं देऊ."

भिमाजी हा धर्माजींचा धाकटा भाऊ. शेड भाड्याने गेलं की भाडेकरूला पाणी, हमाल, टेम्पो, चहा सगळं भिमाजीच पुरवणार, हे त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं आणि गावाला सांगूनही टाकलं होतं. पुनम चिंचवडची, वडील बीडहून येऊन कंपनीत लागलेले. तिला गावात ओळख कोणाची? म्हणून तिने वेबसाइट काढायचं ठरवलं. जिथे ओळख लागत नाही अशी एखादी जागा जगात असेल, तर ती ही, असा तिचा भाबडा समज होता.

वेबसाइट केली चौकातल्या शेखरने. शेखरचं दुकान फ्लेक्सचं. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दहाव्याचा विधी, सगळे फ्लेक्स त्याच्याकडूनच जात. हल्ली बोर्डावर त्याने 'वेबसाइट बनवून मिळेल' एवढी ओळ वाढवली होती. त्याला फ्लेक्स येत होता, म्हणून त्याने फ्लेक्सच केला, फक्त मोबाइलमध्ये बसवला.

पान उघडलं की आधी हलगी कडाडायची. मग वरून पाच सेकंद झेंडूची फुलं पडायची. ती पडून होईतो खालचं काही हलत नसे. फुलं संपली की 'हार्दिक हार्दिक स्वागत' अशी खिडकी मध्येच उभी राहायची, आणि ती बंद करायची फुली पिवळ्यावर सोनेरी, मुंगीएवढी. ती सापडलीच तर लाल पाटीवर पिवळ्या अक्षरांत एकवीस चेहरे. धर्माजी सर्वांत मोठे. भिमाजी त्यांच्याहून बोटभर लहान; आधी दोन बोटं लहान होते, मग ते दुकानात जाऊन पट्टी लावून आले. त्याखाली चुलते, मेहुणे, पुतणे, गॉगल, सोन्याच्या साखळ्या, हात जोडलेले, हात कमरेवर ठेवलेले. पॅलेटची मापं नव्हती. लाकूड कुठलं ते नव्हतं. किती वजन पेलतं ते नव्हतं. फोन नंबर होता, पण फोटोतच छापलेला, म्हणजे बोट लावून फोन लागायचा नाही. आणि तो भिमाजींचा होता. भिमाजी अनोळखी नंबर उचलत नसत.

सर्वांत शेवटी चौकशीचा फॉर्म. नाव, कंपनी, आणि मग लाल चांदणी लावलेला प्रश्न: कुणाच्या ओळखीने आलात? खाली एकवीस नावांची यादी. एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. 'कुणाच्याच नाही' अशी सोय नव्हती.

ही भिमाजींची अट. "वळख न पाळख, अशा मानसाशी धंदा करायचा व्हय?" ते म्हणाले होते. खरं कारण दुसरं होतं, ते बोलले नाहीत. उद्या ऑर्डर आलीच, तर ती कोणामुळे आली याची नोंद राहायला हवी होती. एकवीसच्या एकवीस जणांना ही कल्पना फार आवडली.

श्रावण निम्मा सरला तरी एकही चौकशी आली नाही. पुनम शेखरच्या दुकानात जाऊन बसली.

"शेखरभाऊ, किती लोक येतात साइटवर, ते दिसतं ना तुम्हाला?"

"दिसतं की! ताई, साइट जोरात आहे. तीनशे बारा व्हिजिट." शेखरने स्क्रीन अभिमानाने तिच्याकडे वळवली.

पुनमने खुर्ची पुढे ओढली. तिला आकडे वाचायची सवय होती. आकड्यांच्या मागे माणसं कशी लपतात तेही ठाऊक होतं. पाच मिनिटांनी तिने मान वर केली.

"यातल्या दोनशे अडुसष्ट तर एकवीसच मोबाइलवरून आहेत. सगळे आपल्या गावातले."

शेखर स्वतःही स्क्रीनकडे वाकला.

"म्हणजे ज्यांचे फोटो आहेत तेच रोज येऊन आपापला फोटो बघून जातात."

"बघणारच ना ताई. बायकोला दाखवतात, मेहुण्याला दाखवतात."

"परके राहिले चव्वेचाळीस. ते सरासरी थांबले नऊ सेकंद. पाच सेकंद तर तुमची फुलंच पडतात."

"फुलं हलकी केली असती, पण भिमाजीतात्या म्हणाले, भरगच्च पाहिजेत."

"अकरा जण तरीही फॉर्मपर्यंत पोचले. खरंच चिवट म्हणायचे. आणि अकराच्या अकरा एकाच प्रश्नावर परत फिरले." तिने बोटाने ती लाल चांदणी दाखवली. "हा काढा. आणि चेहरे काढा."

शेखर दचकून दुकानाबाहेर बघू लागला, जणू चांदणी ऐकत होती. "ताई, हे एकवीसही जण माझं गिऱ्हाईक आहेत. गणपती-नवरात्र तोंडावर आलंय. एकेकाचे चार-चार फ्लेक्स. मी फोटो काढला, तर हे माझं दुकान काढतील."

पुनम घरी आली. रात्रीच्या जेवणाला धर्माजी आणि भिमाजी ओळीने बसले होते. सासू, रतनबाई, भाकरी थापत होत्या. नवनाथ अर्थात सेकंड शिफ्टला.

"मामा, साइटवरचे फोटो काढावे लागतील," पुनम म्हणाली. "परका माणूस उघडतो आणि घाबरून पळतो."

"कुनाला घाबरतो?" भिमाजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात आनंद होता.

"तुम्हाला, तात्या."

"मग बराबर हाय की! चौकात आपला बोर्ड लागला की समोरचा टेंपोवाला गाडी मागं घेतो. मानूस आधी दबला पायजे, मग धंदा."

"टेंपोवाल्याला रस्ता लागतो, म्हणून तो मागे घेतो आणि थांबतो. मोबाइलवाल्याला काय, एक बोट लागतं. दुसऱ्याची साइट उघडतो."

"ऐकलं का दादा? चार बुकं शिकलेली सून म्हनतीया, तुमचं तोंड बघून गिऱ्हाईक पळतंय."

धर्माजींनी घास थांबवला. फोटोत ते सर्वांत मोठे होते. त्यामुळे अपमानही सर्वांत मोठा त्यांचाच झाला. "पुनम, फोटो म्हंजे मानसं हायत. एक काढला की एक घर तुटलं. मला भावकीत ऱ्हायचं हाय."

"आणि मला शेडमध्ये," पुनम म्हणाली.

"मग आन की ऑर्डर! फोटोच्या नावानं कशाला बोंब मारती?" भिमाजी हसले. "दसरा किती दीस ऱ्हायला, मोज. तुला मोजायची लई हौस हाय."

रतनबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि कोणाकडेही न बघता म्हटलं, "माजा फोटो न्हाई त्यात. म्हंजे मी या घरची न्हाई जनू."

भिमाजींनी दुसरी भाकरी मागितली. पण पुनमने ते लक्षात ठेवलं. एकवीस चेहऱ्यांत बाई एकही नव्हती, आणि फळ्यांना खिळे मारणारे सात सुतारही नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात ती पिंपळे सौदागरला गेली. तिथे स्वप्नाली नावाची मुलगी घरातून वेबसाइटची कामं करायची. स्वप्नालीने पान उघडलं. हलगी कडाडली. आतल्या खोलीत झोपलेलं तिचं बाळ किंचाळून उठलं. बाळाला खांद्यावर घेऊन तिने उरलेलं पान बघितलं.

"ताई, खरं सांगू? मी अजून थांबलेय ते तुम्ही समोर बसलात म्हणून."

"काय काय चुकलंय?"

"तुम्ही काय विकता?"

"पॅलेट."

"मला वाटलं, निवडणूक आहे." तिने बाळाला थोपटलं. "हे साइटचं नाव कोणाच्या मोबाइलवर घेतलंय? म्हणजे ओटीपी कोणाला येतो?"

"मला. तात्यांना ओटीपी सांगायला लागेल म्हणून त्यांनी स्वतःचा नंबर दिला नव्हता. कोणीतरी फसवेल म्हणे."

स्वप्नाली पहिल्यांदा मनापासून हसली. "मग मालक तुम्हीच."

गणपती बसायच्या आदल्या दिवशी जुनं पान उतरलं. नवं पांढरं होतं. वर एक ओळ: लाकडी पॅलेट, तुमच्या मापाने. खाली पाच फोटो, पाचही पॅलेटचे. मापं, लाकूड, वजन, किती दिवसांत मिळेल. फोन नंबर पुनमचा, धंद्यासाठी नवा घेतलेला, बोट लावलं की लागणारा. फॉर्ममध्ये तीनच रकाने. हलगी नाही, फुलं नाही, चांदणी नाही.

गावाला ते अर्ध्या तासात कळलं. कारण रोज येणारे एकवीस जण त्याही दिवशी आले होते.

भिमाजी शेडवर आले ते मागे पाच-सहा चेहरे घेऊनच. फोटोत गॉगल होते, प्रत्यक्षात नव्हते, एवढाच फरक.

"माजा फोटो कुठं हाय?"

"शेखरभाऊंकडे आहे, तात्या. हवा असेल तर फ्लेक्स करून देतील."

"तू मला भावकीतनं काढलंस."

"मी तुम्हाला पॅलेटवरून उठवलं. त्याच्यावर माल ठेवतात."

एक सुतार हातोडी थांबवून हसला आणि लगेच जोरात खिळा ठोकू लागला. भिमाजींनी तो खिळा मनात मोजून ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "फोटो काढलास ना? मग आमी खुद्दच बसतो. बघू, आमाला कसं काढती."

दुसऱ्या दिवसापासून शेडच्या फाटकाशी सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. सकाळी दहापासून भिमाजी आणि मंडळी तिथे बसत. चहा पुनमच्याच घरून जाई; नाही म्हणायची सोय नव्हती, पाहुणे होते. धर्माजी कधीमधी येऊन सातवी खुर्ची मागवत. कोणी काही करत नसे. नुसते बसत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे फोटोत बघतात तसं बघत.

इकडे पांढऱ्या पानावर माणसं येऊ लागली. थोडीच, पण परकी. पहिल्या तीन आठवड्यांत एकोणीस, आणि सरासरी थांबली दोन मिनिटं. चार फोन आले. तीन नुसते भाव विचारून गेले. चौथा एका कंपनीच्या परचेस म्हणजे खरेदी खात्यातून, साक्षी नावाच्या बाईंचा. दर महिन्याला चारशे पॅलेट लागणार होती. "आधी जागा बघू, सोमवारी अकराला येते," असं त्या म्हणाल्या.

पुनमने घरात सांगितलं. सांगायलाच हवं होतं. फाटकावर सहा खुर्च्या होत्या.

"मामा, सोमवारी फक्त दोन तास खुर्च्या आत घ्यायला सांगा तात्यांना. ही ऑर्डर झाली तर तुमची अट पुरी होते."

"पितृपंधरवडा हाय," धर्माजी म्हणाले. "या दिसांत नवं काम धरत्यात का?"

"त्यांच्या कंपनीला पंधरवडा नाही, मामा. लाइन चालूच असते."

"बघतो," धर्माजी म्हणाले. त्यांच्या 'बघतो'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. ते खरंच बघत असत. त्यापलीकडे काही करत नसत.

सोमवारी अकराला दहा कमी असताना पांढरी गाडी फाटकाशी आली. पुनम शेडच्या टोकाला सुतारांबरोबर होती, हातात नमुन्याचं पॅलेट. तिने गाडी पाहिली आणि निघाली. शेडची लांबी दीडशे फूट. भिमाजींना सहा पावलंच लागली.

ते गाडीच्या खिडकीशी वाकले. मागे पाच जण उभे राहिले; कोणी सांगितलं नव्हतं, पण फोटोत ज्या ओळीने होते त्याच ओळीने.

"कोन पायजे?"

"पुनम मॅडम. पॅलेटसाठी आलेय. अपॉइंटमेंट आहे."

"कुनाच्या वळखीनं आलात?"

साक्षीने काच दोन बोटं वर घेतली. "ओळखीने नाही. साइट बघून."

"साइट-बिट ऱ्हाऊ द्या. गाव कंचं तुमचं? कंपनीत साहेब कोन हायत? आमचा एक मानूस हाय तुमच्याकडं, त्याला इचारलं का?"

पुनम धावत होती. तिने लांबूनच हाक मारली, "तात्या, त्या माझ्याकडे आल्यात!"

भिमाजींनी मान वळवली नाही. "आमी काय खातोय का त्यांना? इचारतोय फकस्त. विचारपूस करायची रीत हाय आमच्यात."

धर्माजी सातव्या खुर्चीवर बसून होते. ते बघत होते.

पुनम फाटकाशी पोचली तेव्हा गाडी मागे वळत होती. ती गाडीला आडवी गेली नाही. खिडकीच्या बाजूने चालत राहिली. साक्षीने काच खाली घेतली, पण गाडी थांबवली नाही.

"मॅडम, पाच मिनिटं. आत माल बघा. यांचा काही संबंध नाही."

"मॅडम, दोन महिन्यांपूर्वी मी ही साइट एकदा उघडली होती," साक्षी म्हणाली. "ऑफिसात ढोल वाजला, सगळे वळून बघायला लागले. मग हे चेहरे आले. मी बंद केली. परवा नवी बघितली, वाटलं, दुसऱ्या कोणीतरी धंदा घेतला असेल." तिने आरशात मागे पाहिलं. सहाही जण अजून ओळीतच होते. "साइट तुम्ही बदललीत. हे इथेच बसलेत. उद्या माझा ट्रक आला तर ड्रायव्हरला काय काय विचारतील? माल चांगला असेल हो तुमचा. पण मी इथे गाडी पाठवणार नाही."

"आणि दुसरीकडून दिला तर?"

साक्षीने तिच्याकडे नीट बघितलं. "पत्ता कळवा," ती म्हणाली आणि गेली.

मागे भिमाजी खुर्चीत परत बसले होते. "गेली व्हय?" त्यांनी विचारलं. "दम न्हाई आजकालच्या मानसांत. दोन प्रश्न इचारले की पळत्यात."

"तेहतीस जण तर प्रश्नाच्या आधीच पळाले होते, तात्या," पुनम म्हणाली. "प्रश्नावर परत फिरलेली ही बारावी."

ते त्यांना कळलं नाही, आणि तिनेही समजावलं नाही.

दसऱ्याला धर्माजींनी शेडमधल्या करवतीची पूजा केली, झेंडूची माळ घातली आणि सर्वांसमोर सांगितलं, "ठरलं व्हतं तसं. ऑर्डर आली न्हाई. शेड भिमाजीकडं."

"ऑर्डर आली होती, मामा. तुम्ही बघत होतात," पुनम म्हणाली.

"आली आन् गेली. मुक्कामाला ऱ्हाईली न्हाई."

"बरं. शेड तुमचं. करवत माझी, सुतारांना विचारते ते कोणाचे. आणि साइटचं नाव माझ्या मोबाइलवर आहे, ते मी घेऊन जाते."

"घे की!" भिमाजींनी हात उडवला. "हवेतली दुकानदारी. वीट न्हाई, पत्रा न्हाई. घेऊन जा."

सातपैकी सहा सुतार तिच्याबरोबर गेले. सातवा भिमाजींचा साडू होता. देहूरोडच्या बाजूला तिने एक जुनं, गळकं शेड घेतलं. फाटक होतं, पण आसपास बसायला सावली नव्हती. तिने मुद्दाम तसंच शोधलं होतं. पांढऱ्या पानावर फक्त पत्ता बदलला. साक्षी तिसऱ्या आठवड्यात येऊन माल बघून गेली. चारशे नाही, आधी दीडशे, असं म्हणाली.

घर तेच राहिलं. सकाळी पुनम भाकरी बांधून निघे, संध्याकाळी परत येई, आणि धर्माजी तिच्याशी रतनबाईंमार्फत बोलत. "तिला म्हनावं, आज उशीर झाला." पुनमही रतनबाईंमार्फतच उत्तर देई. रतनबाई दोन्हीकडचे निरोप अर्धेच पोचवत, आणि त्यामुळे घर टिकून होतं.

जुन्या शेडवर फ्लेक्स लागला. 'गोडाऊन भाड्याने देणे आहे.' ही ओळ खाली, एका कोपऱ्यात. वर एकवीस चेहरे. शेखरने जुनीच फाइल वापरली, फक्त भिमाजींना पॅलेटवरून उतरवून बुलडोझरसमोर उभं केलं. नंबर भिमाजींचाच. कंपन्यांच्या गाड्या रस्त्याने जात, थोड्या हळू होत आणि पुन्हा वेग घेत. दिवाळी गेली. संक्रांत गेली. खुर्च्या सहाच्या चार झाल्या, मग दोन. बसायला कारणच उरलं नाही. आत अडवण्यासारखं काही नव्हतं.

फेब्रुवारीत एका दुपारी पुनम ट्रक भरून घेत असताना फोन आला. करणाऱ्याचा नंबर ओळखीचाच होता. पण पांढऱ्या पानावरचा हा धंद्याचा नंबर घरात कोणाला तिने दिला नव्हता; म्हणजे पान उघडून, खाली जाऊन, बोट लावूनच तो लावलेला होता. तिने हातमोजा काढला आणि फोन उचलला.

"नमस्कार. बोला."

"पुनम, मी तात्या." आवाजात पहिल्यांदाच हलगी नव्हती. "आगं, ते आपलं शेड. पाच म्हैने रिकामं हाय. दादा म्हनत्यात, तुझ्या त्या पानावर एक कोपरा टाक म्हनावं. तिथं मानसं येत्यात म्हनं."

ट्रकचा ड्रायव्हर पावती घेऊन उभा होता. पुनमने त्याला हाताने थांबवलं.

"हो, येतात," ती म्हणाली. "कुणाच्या ओळखीने फोन केलात?"

पलीकडे फक्त रस्ता ऐकू येत होता, कुठली तरी गाडी हळू होऊन पुन्हा वेग घेत होती. मग फोन बंद झाला.

तिने स्क्रीनवर बघितलं. एकतीस सेकंद. परक्या माणसाच्या मानाने तात्या बराच वेळ थांबले होते. तिने हातमोजा चढवला आणि ड्रायव्हरकडे सहीसाठी हात पुढे केला.